डिटेक्टरसमोरची काळी काच

डोंबिवली (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

दीप्ती,

तीन नंबरचा लेझर परत आलाय. त्याबद्दलच लिहितेय.

फोन तू ब्लॉक केला आहेस आणि मेलला उत्तर येत नाही, म्हणून पोस्टाने. कोळसेवाडीचा पत्ता मला अजून पाठ आहे. तुम्ही तिथेच असाल असं धरून चालले आहे.

आधी कामाचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तू जी मापं घेतलीस ती निळी वही सापडत नाहीये. माजिवड्याच्या आपल्या गाळ्यासमोर मेट्रोचे खांब उभे राहायला लागले तेव्हा टेबल हादरतं म्हणून आम्ही सगळी लॅब मागच्या खोलीत हलवली, त्यात बरंच काही गेलं. वही तू नेली असशील तर नेलीस ते बरोबरच आहे. मला फक्त १८ ते २५ फेब्रुवारीची पानं हवीत. फोटो काढून पाठवलेस तरी चालेल.

कशाला, तेही सांगते. ज्या संस्थेने हा लेझर घेतला तिथले लोक म्हणतात, लेझरसोबत दिलेल्या डेटाशीटवर लिहिलाय त्यापेक्षा नॉइज खूप जास्त आहे. त्यांचे डायरेक्टर डॉक्टर आहेत, लेझरवाले नाहीत. सुदेश सर म्हणाले, त्यांना कळेल असं एक पान लिहून दे. मला ते लिहिता येईना, चार वेळा फाडलं. शेवटी तू एकदा तुमच्या घरी काकांना समजावलं होतंस तेच जवळजवळ तसंच्या तसं उतरवलं. की केसाएवढ्या काचेच्या तारेत, म्हणजे फायबरमध्ये, प्रकाश गोल फिरतो आणि त्याचे ठोके बाहेर पडतात. सेकंदाला चार कोटी ठोके. एकेक ठोका एवढा छोटा, की सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. आणि हे सगळे ठोके एकाच उंचीचे हवेत. त्यांच्या उंचीत जे किंचित कमी-जास्त होतं त्याला आम्ही नॉइज म्हणतो, कानाला काही ऐकू येत नाही.

काकांनी तेव्हा विचारलं होतं, "मग किंचित कमी-जास्त झालं तर बिघडलं कुठे?" तू म्हणाली होतीस, "बाबा, हा प्रकाश तोंडाच्या कॅन्सरच्या तुकड्यावर टाकायचा आहे. चांगली पेशी आणि खराब पेशी यांच्यात प्रकाशाचा फरक पडतो तो लाखात एक. लेझरच त्याहून जास्त हलला, तर आपल्याला पेशंट दिसणारच नाही, लेझर दिसेल."

डायरेक्टरना हे पान आवडलं म्हणे.

त्या मीटिंगबद्दल मला काही लिहायचं नाही. तांत्रिक मतभेद होते, दोघींचाही आवाज चढला, एवढंच मला आठवतं. तू लगेच नोकरी सोडायला नको होतीस.

पानं मिळाली तर बरं होईल.

कल्पिता


डोंबिवली (पूर्व)
२ फेब्रुवारी २०२५

दीप्ती,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. वहीची आता गरज नाही, कारण माप मी स्वतः घेतलं.

मंगळवारी लॅबमध्ये एकटीच होते. लेझर उघडला, प्रकाश मोजणाऱ्या डिटेक्टरवर तो सोडला आणि स्क्रीनवर डेटाशीटवाला आकडा बघितला. सुंदर, अगदी कमी. मग ड्रॉवरमधून तुझी काळी काच काढली, प्रकाश कमी करणारी. डिटेक्टरच्या समोर लावली आणि परत मोजलं.

बारा पट.

तू सांगितलेलं तेच. तू तेव्हा मला म्हणाली होतीस, "अगं, डिटेक्टर दिपलाय. उन्हाकडे बघितल्यावर आपल्याला दोन दिव्यांतला फरक कळतो का? त्याच्यावर एवढा प्रकाश ओततेयस की त्याला ठोक्यांची उंची दिसतच नाहीये. काच लाव." तुझं बोलणं ऐकून मी हसले होते. काच लावली तर मापच बिघडेल, असं काहीतरी मी म्हणाले होते. पण दीप्ती, ते खरं नव्हतं हे मला तेव्हाच कळलं होतं. तू घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी मी गुपचूप काच लावून बघितली होती. बारा पट तेव्हाही आला होता. तो आकडा मी कुठेच लिहिला नाही.

हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगतेय.

तुला वाटेल, का? साडेतीन वर्षं मी तो लेझर घडवत होते. फायबर चार सेंटिमीटर कापायचं, परत जोडायचं, ठोके शांत होतात का बघायचं, परत दोन सेंटिमीटर. किती जोड मी केले आणि किती तोडले ते तुलाच माहीत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशीसुद्धा मी गाळ्यात होते. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की भारतात असा शांत फायबर लेझर कुणी केलेला नाही. स्क्रीनवर तो आकडा आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आणि तू काच घेऊन उभी होतीस.

अजून एक आहे. संस्थेत तो लेझर एक मुलगा वापरत होता. ऋतुराज भोईर, पीएचडीचा. त्याचा पहिला फोन मला डिसेंबर २०२२ मध्ये आला. म्हणाला, मॅडम, चित्रात रेघा येतायत. मी म्हटलं, तुमचं अलाइनमेंट चुकतंय. पुढच्या वेळी म्हटलं, खोलीत धूळ असेल. मग म्हटलं, एसीचा वारा थेट टेबलावर येतो का बघा. त्याने एसी बंद करून उन्हाळाभर घामात काम केलं. असे एकूण नऊ फोन. दर वेळी मी काहीतरी नवीन सांगितलं आणि दर वेळी त्याने ते केलं. शेवटच्या फोनवर तो म्हणाला, "मॅडम, बहुतेक माझ्याच हातात काहीतरी प्रॉब्लेम आहे." मी म्हटलं, "प्रॅक्टिस लागते."

नोव्हेंबरमध्ये त्याने पीएचडी सोडली. त्याच्या गाइडने सहज म्हणून दुसरीकडचा लेझर आणून लावला, तर चित्र पहिल्या फटक्यात स्वच्छ आलं. म्हणून आपला परत आला.

मीटिंगमध्ये मी जे बोलले ते कामापुरतं होतं असं मागच्या पत्रात लिहिलं. ते तसंच राहू दे, आज एवढंच जमतंय.

कल्पिता


डोंबिवली (पूर्व)
२३ फेब्रुवारी २०२५

दीप्ती,

ऋतुराजला भेटले.

तो शहाडला असतो, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. एका हार्डवेअरच्या दुकानावर क्लास आहे, तिथे अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. मी गेले तेव्हा फळा पुसत होता. माझ्या डोक्यात का कोण जाणे चष्मेवाला, बारीक मुलगा होता. हा चांगला उंच, शेतकरी घरातला वाटावा असा, हात मोठे. मी नाव सांगितलं तर गडबडीने खुर्ची पुसायला लागला.

"मॅडम, तुम्ही इकडे कशाला आल्या? फोन करायचा ना."

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. म्हटलं, "ऋतुराज, लेझर खराब होता. पहिल्या दिवसापासून. तुमच्या हातात काहीही प्रॉब्लेम नव्हता."

तो म्हणाला, "हो, नंतर कळलं ना. दुसरा लावल्यावर. होतं असं मॅडम, तुम्हालाही कुठे माहीत होतं."

तिथे थांबता आलं असतं. त्याने स्वतःहूनच मला दार उघडून दिलं होतं. मी म्हटलं, "मला माहीत होतं."

तो डस्टर टेबलावर ठेवून म्हणाला, "म्हणजे मी फोन करत होतो तेव्हा?"

"तेव्हाही."

"एसी बंद करायला सांगितला तेव्हा?"

"हो."

चिडेल असं वाटलं होतं, पण त्याचा आवाज उलट खाली गेला. "मॅडम, मी दोन वर्षं स्वतःचे हात तपासत होतो. डॉक्टरकडे गेलेलो. खरंच. हात थरथरतात का बघायला न्यूरोच्या डॉक्टरकडे गेलेलो मी. पप्पांना वाटलं मला काय मोठं झालंय, त्यांनी देवाला नवस बोलला." मग, "आता काय करू मी हे ऐकून?"

मी म्हटलं, मी संस्थेला लेखी देते, तुम्हाला परत घेतील. तो म्हणाला, "मला परत त्या खोलीत नाही जायचं. टेबलासमोर उभा राहिलो तर परत आधी हातच बघत बसेन." मुलं जिना चढून वर यायला लागली. तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, लेक्चर आहे," आणि मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सुदेश सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. तुला माहीत आहेत ते, आवाज कधी चढवत नाहीत.

"कल्पिता, डेटाशीट खोटी नाहीये. त्या सेटअपला तो आकडा येतो. सेटअप काय होता हे कुणी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही."

"सर, अजून दोन लेझर बाहेर आहेत."

"त्यांची तक्रार आहे?"

"तेही स्वतःचेच हात तपासत असतील."

"नाटकी बोलू नकोस," ते म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी मी तुला तोंडावर विचारलं होतं, दीप्ती म्हणते ते बरोबर आहे का. तू काय म्हणालीस?" मी तेव्हा नाही म्हणाले होते. ते पुढे म्हणाले, "तू काही कुठे पाठवणार असशील तर आधी राजीनामा दे. कंपनीच्या नावावर नको."

राजीनामा दिला. तिन्ही ग्राहकांना खरा आकडा पाठवला. संस्थेकडून दोन ओळींची पोच आली. बाकीच्यांकडून काहीच नाही.

जायच्या आधी लॅबमध्ये माझ्याकडे पंधरा दिवस होते. तू जाताना फळ्यावर एक वाक्य लिहून गेली होतीस, आठवतं? "पंप डायोडकडे प्रकाश उलटा जातोय, तो अडवा." मी ते त्याच दिवशी पुसलं होतं. या पंधरा दिवसांत मी तेच केलं. लेझरला ताकद पुरवणाऱ्या त्या डायोडजवळ, उलटा येणारा प्रकाश अडवणारा बोटाएवढा भाग फायबरमध्ये जोडला, दोन जोड, बास. काळी काच लावून मोजलं. नॉइज आठ पट खाली आला.

पंधरा दिवसांचं काम होतं, दीप्ती. आपण दोघींनी मिळून केलं असतं तर आठ दिवसांचं. तो लेझर खरोखर शांत झाला असता. ऋतुराजला चित्र दिसलं असतं. मी खोटं सांभाळण्यात तीन वर्षं घालवली आणि खरं करायला दोन जोड पुरले.

आकडा बघून मला काहीच वाटलं नाही. मशीन बंद केली, ओळखपत्र वॉचमनकडे दिलं आणि खोपटपर्यंत चालत गेले. तिथे एसटी डेपोच्या बाकावर किती वेळ बसले होते कोण जाणे. कुठे जायचंय असं एका कंडक्टरने विचारलं, तेव्हा उठले.

कल्पिता


डोंबिवली (पूर्व)
१६ मार्च २०२५

दीप्ती,

आता तेच उरलंय.

तीन पत्रांत मी सगळं कबूल केलं आणि हे ठेवून दिलं, कारण लेझरचं कबूल करणं सोपं आहे. लेझरच्या बाबतीत मी खोटारडी ठरते. या बाबतीत काय ठरते ते मला लिहायलाही नको वाटतं.

तारीख ८ मार्च २०२२. वरची मीटिंग रूम, अनुदान मंजूर करणाऱ्या समितीचे दोघे, सुदेश सर, तू आणि मी. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस की आकडा चुकीचा आहे, डिटेक्टर दिपला आहे, मला दहा मिनिटं द्या, इथेच मोजून दाखवते. तुझा आवाज चढला नव्हता. माझाही नव्हता. आवाज चढला होता हे मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते खोटं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी हसत म्हणाले, "सर, दीप्तीला नंबर मिळवायला आमच्यासारखं कधी झगडावं लागलेलं नाही. म्हणून तिला नंबरची किंमत कळत नाही."

समितीतला एक जण हसला. दुसऱ्याने खाली मान घातली. सर म्हणाले, "चला, पुढे जाऊ." आणि तू बसलीस.

मी काय म्हणाले ते त्या खोलीत प्रत्येकाला कळलं होतं. मलाही बोलायच्या आधी कळलं होतं. ते वाक्य रागाच्या भरात निसटलं असं मी स्वतःला वर्षभर सांगितलं. निसटलं नव्हतं. तुझं माप खोडून काढायला माझ्याकडे फिजिक्समधलं काही नव्हतं, आणि एक वाक्य असं होतं की ते बोलल्यावर तुझं माप कुणी ऐकणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी तेच उचललं. ते माझ्या हाताशी इतकं तयार कसं होतं, याचा विचार केला की मला माझीच भीती वाटते.

आणि प्रवेश परीक्षेत तुझा नंबर माझ्या वर होता. ओपनच्या यादीत, अकरा जागा वर. आपण दोघींनी मिळून ती यादी बघितली होती. त्या खोलीत हे फक्त तुला आणि मला माहीत होतं. तू माझ्याकडे बघितलंस. मी बोलेन म्हणून तू थांबली होतीस, असं मला वाटतं. मी पुढची स्लाइड लावली.

माफ कर असं लिहिणार होते. तो शब्द लिहून बघितला, बरा दिसत नाही. तू काय करावंस हे सांगणारी मी कोण? फक्त ते वाक्य तुला लागलं असेल का, तू विसरली असशील का, असा विचार मी आता करत नाही. तू विसरली नाहीस हे मला माहीत आहे.

हे पत्र पोस्टात टाकायची हिंमत होत नाही. उद्या स्वतः घेऊन येते. भेटलीस तर हातात देईन, आणि तू जा म्हणालीस तर जाईन.

कल्पिता


कल्याण (पूर्व)
२४ मार्च २०२५

कल्पिता,

वही माझ्याकडे आहे. त्या पानांच्या प्रती काढून ऋतुराज भोईरला पाठवल्या. दोन वर्षं त्याचे हात ठीक होते, हे त्याच्याकडे लेखी असायला हवं. ते त्याच्यासाठी केलं, तुझ्यासाठी नाही.

तुझी पहिली तीन पत्रं मी वाचली होती. उत्तर द्यायचं नव्हतं. अंबरनाथच्या एका लॅबमध्ये मी विजेचे मीटर तपासते. काम साधं आहे. मीटर बरोबर असतो किंवा नसतो, आणि मी चूक म्हटलं तर तो बाजूला ठेवतात. मला कुणी दोनदा विचारत नाही. तरी मी प्रत्येक मीटर तीनदा मोजते. ही सवय मला कधीपासून लागली ते तुला सांगायला नको.

तू आलीस त्या सोमवारी मी कामावर होते. आज सोमवार आहे आणि लोक कामावर असतात, हे नोकरी सोडलेल्या माणसाच्या लक्षात राहत नसेल. दार बाबांनी उघडलं. तुला बघून त्यांना आनंद झाला. त्यांनी स्वतः चहा केला, तुला बसवून घेतलं, "पोरींनो, काय ते भांडण मिटवून टाका," असं म्हणाले. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. तू पाकीट दिलंस, "दीप्तीलाच द्या" म्हणालीस आणि जिन्यात रडलीस.

बाबांनी आजवर माझं एकही पत्र उघडलेलं नाही. दहावीचा निकालसुद्धा त्यांनी मी घरी येईपर्यंत तसाच ठेवला होता. हे उघडलं, कारण तुझं रडणं बघून त्यांना वाटलं, तुला काहीतरी मोठा आजार आहे आणि मला यायला उशीर झाला तर ते बरं नाही.

मी सात वाजता आले तेव्हा ते दिवा न लावता बसले होते.

कल्पिता, मी नोकरी का सोडली हे मी घरी सांगितलं नव्हतं. काम आवडत नाही म्हटलं होतं. तीन वर्षं ते मला अधूनमधून समजावायचे, की एवढं शिकून असं मन उडू देऊ नये. मी ऐकून घ्यायचे.

बाबा बत्तीस वर्षं शहाडला कारखान्यात होते. सुपरवायझर झाले तेव्हा कँटीनमध्ये त्यांच्याबद्दल कोण काय बोललं ते त्यांनी घरात कधी आणलं नाही. मी ते त्यांच्या एका मित्राकडून, मोठी झाल्यावर ऐकलं. पण मला नेहमी सांगायचे, की ते आमच्या वेळचं होतं. तुमचं वेगळं आहे. तुम्ही शिकलेल्या माणसांत काम करता, तिथे कोणी कोण आहे हे बघत नाही, काम बघतात. याचा पुरावा म्हणून ते कुणाचं नाव घ्यायचे माहीत आहे? तुझं. "ती कल्पिता बघ, त्यांच्यातली असून आपल्या ताटात जेवते."

बाबांचा तेवढा एक विश्वास मी सांभाळून ठेवला होता. तू खोलीत काय बोललीस त्याच्यासाठी मी तुला माफ केलं असतं की नाही, मला माहीत नाही. विचार करायची वेळच तू येऊ दिली नाहीस. तुला ओझं उतरवायचं होतं, तू ते आमच्या दारात उतरवून गेलीस. ते कुणाच्या हातात पडेल हे बघितलं नाहीस.

बाबा त्या दिवसापासून त्याबद्दल काही बोललेले नाहीत. चिडलेले नाहीत. जेवतात, पेपर वाचतात, खाली चक्कर मारून येतात. परवा फक्त मला एक विचारलं.

"ती पोरगी इथे जेवायची, तेव्हाही तिच्या मनात हेच होतं का गं?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्याकडे असलं तरी पाठवू नकोस.

दीप्ती